धाऊनं अडवलेली गाठ

‘पुढील भाग गायिकेस आठवत नाही.’

पुस्तिकेच्या एकतिसाव्या पानाच्या तळाशी, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात छापलेली ही ओळ. छापणाऱ्याला चार खिळे जास्त जुळवावे लागले असतील, एवढंच. पण लोधिवलीच्या धाऊवर उभ्या जन्मात याहून मोठा आळ कुणी घेतला नव्हता. आणि सासूनं, जावांनी, भटजीनं तिच्यावर आळ काही कमी घेतले नव्हते.

आठवत नाही म्हणे!

धाऊ धवलारीण. ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगायलाच हवं. आमच्या या पट्टीत शेतकऱ्याच्या घरचं लग्न लागायचं ते धवल्यानं. धवला हे लग्नातलं गाणं. पण गाणं म्हटलं की शहरातल्या माणसाला करमणूक वाटते, म्हणून तो शब्दही जपूनच वापरावा. धवलारीण गाते आणि लग्न पुढं सरकतं. ती थांबली की लग्न थांबतं. आधी देवांना आवतण, मग मांडव, मग हळद, मग बाशिंग आणि सगळ्यात शेवटी गाठ. गाठीचा धवला गाऊन झाला की ती दोघं नवरा-बायको. मग कुणी कितीही आदळआपट करा.

आणि यात एक मेख आहे. धवला नावाशिवाय उठत नाही. नवरीचं नाव, नवऱ्याचं नाव, त्यांच्या बापांची नावं, गावं, सगळं गाण्यात ओवावं लागतं.

मांडवाच्या दारी कोण उभा गं पाव्हणा,
नाव सांग, गाव सांग, मग ये अंगणा.

इथं नाव आलं की माणूस बांधला गेला. म्हणून धाऊ नावाच्या बाबतीत सावकारापेक्षा कडक. भिवाजीच्या लग्नाची गोष्ट अजून सांगतात. भिवाजी चुलत्याला दत्तक गेलेला. मांडवात घरच्यांनी चुलत्याचंच नाव बाप म्हणून दिलं. धाऊ गाता गाता थांबली. म्हणाली, “जन्म दिला त्याचं नाव कुटं हाय?” वऱ्हाड ताटकळलं, भात थंड झाला, चुलता लाल झाला, भटजी मुहूर्ताच्या नावानं कपाळ बडवायला लागला. धाऊ मांडी घालून बसली ती बसलीच. अर्ध्या तासानं दोन्ही बापांची नावं आली, तेव्हा कुठं तिचा आवाज लागला. भटजीनं त्या दिवसापासून तिच्याशी बोलणं टाकलं. धाऊनं त्याचं काही वाईट वाटून घेतलं नाही.

हे सगळं ती शिकली आपल्या मावशीकडून, जनाकडून. बारा वर्षं जनाच्या पाठीमागं बसून, हुंकार भरत, एकेक लग्न बघत. लिहिणं-वाचणं दोघींनाही नव्हतं. जे होतं ते गळ्यात. जना गेली, तेव्हा धाऊच्या पाठीमागं बसायला मात्र कुणी आलं नाही. पोरी म्हणायच्या, “मावशे, येवडं पाठ कोण करतंय गं? भटजी पाव तासात लग्न लावतो.” तेही खरंच होतं. एकेका घरानं धवलारणीला हळदीपुरतं कोपऱ्यात बसवायचं आणि गाठीच्या वेळी “बाय, आता आवरा” म्हणायचं, अशी रीत पडत चाललेली. घरी परतताना बैलगाडीत धाऊ नवऱ्याला, लडकूला म्हणायची, “माझ्यासंगं हे बी जळंल रं सरणावर.” लडकू गाडीवान, बैलांशी जास्त बोलायचा. तो म्हणायचा, “मग लाकडं जास्त लागतील.”

आता काचबंगल्याकडं येऊ.

मुंबईवर काही संकट आलं की आमच्याकडं बंगला बांधतात, नाहीतर बांधलेला उघडतात. प्लेगच्या सालात एका कापूसवाल्या शेटनं चौक गावाजवळ, पुणे रस्त्याच्या आतल्या अंगाला हा बंगला बांधला. खिडक्यांना रंगीत काचा, म्हणून काचबंगला. प्लेग सरला, शेट परत गेला, बंगल्यात वटवाघळं राहिली. मग बेचाळीसला जपान्याचा बॉम्ब पडणार म्हणून मुंबई पळाली, तेव्हा शेटच्या नातवानं कुलूप काढलं आणि आपल्या ओळखीचे चित्रकार, मूर्तिकार, गाणारे आणून ठेवले. बॉम्ब काही पडला नाही. मंडळींना हवा मानवली. लढाई संपली तरी ती राहिलीच. फाटकावर पाटी आली, ‘कलानिवास’. माडीवर चित्रं, घोड्यांच्या पागेत मातीच्या मूर्ती, दिवाणखान्यात शनिवारी जलसे. मोटारी पुढच्या दारानं यायच्या. पाणी, लाकडं, अंडी आणि आम्ही मागच्या दारानं.

मागच्या दाराशी राज्य हवाबीचं. ती बंगल्याची स्वयंपाकीण. तिचा नवरा रमजान याचं चौकात किराणाचं दुकान. लोधिवलीची कोंडीही तिथंच कामाला. सोळाची पोर. पागेत मूर्ती करणाऱ्या मोतीबाईंना माती मळून द्यायची, पाणी शेंदायचं. मोतीबाई मुंबईच्या पारशीण, हात कोपरापर्यंत चिखलात आणि तोंडात सदा हसू. कोंडीचं कडावच्या एका घरात ठरलेलं, वैशाखात लग्न. नवऱ्या मुलाचा मामा येसाजी, दुधाचा धंदा करणारा, बोलाचालीला लोधिवलीत येऊन-जाऊन असायचा. माणूस नाकानं कांदे सोलणारा. पोरीनं डोक्यावरचा पदर सावरला नाही, एवढ्यावरून त्यानं आधीची एक सोयरीक मोडलेली, हे सगळ्यांना माहीत.

शेहेचाळीसच्या माघात बंगल्यात कीर्तिकर म्हणून एक गृहस्थ राहायला आले. गाणी गोळा करायचे. जाड भिंगाचा चष्मा, खिशात तीन पेनं. हवाबीकडून त्यांना धाऊचं कळलं आणि ते चक्क धूळ तुडवत तिच्या ओट्यावर येऊन बसले. तिला ‘धाऊबाई, तुम्ही’ म्हणाले. बंगल्यातल्या कुणी तिला अहो-जाहो करण्याची ही पहिलीच खेप.

“धाऊबाई, हे नुसतं लिहायचं नाही. आवाज कोरून घ्यायचं यंत्र आणतोय मी मुंबईहून. तुमच्यामागं शंभर वर्षं हा धवला राहील.”

शंभर वर्षं! लागलंच ते तिला. जना मावशी सरणावर गेली तेव्हापासून जी भीती उराशी होती, तिला या माणसानं एका वाक्यात औषध दिलं. तिनं दिडकी मागितली नाही. एकच म्हणाली, “सगळा घ्या. आवतणापासून गाठीपर्यंत. अर्दा घ्याचा आसंल तर येऊ नका.”

“सगळा. शब्द दिला.”

पंधरा दिवस ती शेताचं काम टाकून बंगल्याच्या मागच्या ओसरीवर बसली. ती सांगायची, कीर्तिकर वहीत लिहायचे. मोतीबाईंना माती पोचवून कोंडीही येऊन टेकायची. एकदा धाऊ दम खायला थांबली, तर कोंडीनं पुढची ओळ सहज उचलली. धाऊ चमकून बघत राहिली. पण म्हणाली एवढंच, “गळा बरा हाय तुझा. जा, बाय वाट बघत आसंल.”

गाठीपाशी येऊन मात्र ती थांबली.

“हे सांगाचं नसतं सायेब. मांडवात गायाचं असतं. कोंडीचं लगीन वैशाखात हाय, हितून दोन फर्लांगावर. तुमचं यंत्र घेऊन या. समदं खरंखुरं मिळंल तुमाला.”

इतकी साधी गोष्ट. दोन फर्लांग. पण नाही! यंत्र भाड्यानं आणलेलं, ते होळीपर्यंतच. शिवाय फाल्गुनात बंगल्याचा मोठा समारंभ, मुंबईची बडी मंडळी यायची. कीर्तिकरांनी डोकं चालवलं. शिकलेल्या माणसाचं डोकं चाललं की गरिबानं आपलं भांडंकुंडं आवरून ठेवावं. त्यांनी ठरवलं की मांडव इथंच घालायचा, बंगल्यापुढं. नवरी म्हणून कोंडीला बसवायचं. “तिचं ठरलंयच की लग्न,” ते मोतीबाईंना म्हणाले, “म्हणजे भाव आपोआप येईल चेहऱ्यावर.” कोंडीच्या आईला, अंबाबाईला, सांगितलं की फोटो काढायचाय. ती बिचारी हो म्हणाली. मागच्या दारानं जाणारा माणूस पुढच्या दारच्या माणसाला नाही कधी म्हणतो?

धाऊला यातलं काही सांगितलं नाही. तिला वाटलं, पाव्हण्यांपुढं आवतणाचा धवला म्हणायचाय, देवाचाच तर आहे.

फाल्गुनातली ती दुपार. आंब्याच्या डहाळ्यांचा मांडव, वेताच्या खुर्च्या, खुर्च्यांवर तलम धोतरं आणि गॉगल. मोटारीच्या बॅटरीवर चालणारं यंत्र टेबलावर, त्याच्यावर काळी तबकडी. एका तबकडीवर चार मिनिटं मावायची. चार मिनिटं झाली की कीर्तिकर हात वर करायचे, धाऊनं ओळीच्या मध्यात थांबायचं, तबकडी बदलायची, मग पुन्हा. देवांना अशा बेतानं बोलावणं तिनं कधी केलं नव्हतं. निम्मे देव वाटेतच उभे राहिले असतील. ती चडफडली, पण गायली. शंभर वर्षं डोळ्यांपुढं होती.

कुंपणापलीकडं गाव जमलेलं. येसाजीही त्यात, त्याच दिवशी कडावाहून आलेला.

चौथ्या तबकडीला कोंडीला आणून पाटावर बसवली. हळद लावलेली, डोक्याला बाशिंग. धाऊची नजर बाशिंगावर अडकली. तरी वाटलं, पोर नुसती बसलीय. मग समोरच्या पाटावर माडीवरचा एक चित्रकार येऊन बसला, चोविशीचा, कुरळ्या केसांचा, मुंडावळ्या बांधून. खुर्च्यांत हशा पिकला. कुंपणापलीकडं कुणी हसलं नाही.

“अगं बाय माझे,” अंबाबाई कुंपणाशी पुटपुटली, “फोटू काढतो म्हनले व्हते ना?”

“फोटूला बाशिंग कशाला लागतंय?” येसाजी बोलला. बोलला तो अंबाबाईकडं न बघता.

कीर्तिकरांनी नवी तबकडी चढवली, सुई टेकवली आणि हात खाली केला. गा.

धाऊनं बाशिंगाचा धवला उचलला. पाव्हण्याची ओळ आली. मांडवाच्या दारी कोण उभा गं… नाव सांग, गाव सांग… आणि तिथं तिनं कीर्तिकरांकडं बघितलं. कीर्तिकर पुढं वाकून कुजबुजले, “हं, पुढं.”

“नाव?”

“कोणतंही घाला!”

“कोनतंबी?”

“अहो, गाणंच आहे ना? घाला काहीही. तबकडी संपतेय!”

धाऊनं कोंडीकडं बघितलं. पोर मान खाली घालून पाटाच्या कडेला नखानं टोकरत होती. तिचं नाव तर नवरी म्हणून धवल्यात येणारच, ते यंत्रात जाणार. तिच्या शेजारी दुसरं नाव बसलं आणि गाठ झाली, म्हणजे लागलं. इथं, गावादेखत, येसाजीदेखत. आणि एकदाच नाही. ही काळी तबकडी मुंबईत कुणीही, कधीही, चहा पिता पिता लावणार. जितक्या वेळा लावणार तितक्या वेळा कोंडीचं लगीन. असलं लगीन जनाच्या बापजन्मात कुणी ऐकलं नव्हतं.

यंत्र फिरत होतं. धाऊ गप्प. कीर्तिकर हात नाचवत होते. गॉगलवाले एकमेकांकडं बघायला लागले.

दुसऱ्या बाजूला ती शंभर वर्षं होती. आता तोंड उघडलं तर राहील, नाही तर आपल्यासंगं जळंल. धाऊनं ते तोललं, आणि तोलताना तिचा जीव कसा तुटला असेल ते कुठल्याही तबकडीवर यायचं नाही. ती उठली. कोंडीच्या डोक्यावरचं बाशिंग सोडलं, पाटावर ठेवलं आणि पोरीचा हात धरून तिला कुंपणाबाहेर आईजवळ नेऊन सोडली.

आणि खुर्च्यांतल्या मंडळींनी टाळ्या वाजवल्या. खेळ संपला असं वाटलं त्यांना! एक बाई तर “किती नैसर्गिक!” म्हणाली.

येसाजीनं मिशीवरून हात फिरवला. “गाठ झाली नाय ना?”

“नाय झाली,” धाऊ म्हणाली. “मी आडवली.”

“मग काय नाय झालं.” आणि तो दुधाची कासंडी उचलून चालता झाला. सोयरीक वाचली. पण रात्रभर अंबाबाई रडत होती आणि कीर्तिकरांनी जाताना धाऊकडं बघितलंसुद्धा नाही.

वैशाखात कोंडीचं लगीन लागलं. धाऊनं आधी आठ दिवस हवाबीकरवी बंगल्यावर निरोप धाडला होता, या, खरं घ्या. हवाबीनं परत येऊन सांगितलं, “धाऊबाय, तिथं कोन हाय? उकडतंय म्हनून समदी म्हाबळेश्वराला.” यंत्र नाही तर नाही, वही घेऊन तरी कुणी यायचं. नाही. त्या दिवशी भटजी घड्याळ दाखवत उभा, तरी धाऊनं गाठीचा धवला पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत गायला. नावं सगळी बरोबर, बापांची, गावांची. येसाजीचंसुद्धा, मामाचा मान म्हणून. कडावच्या बायका म्हणाल्या, आसा धवला कवा आयकला नाय. ज्यांनी ऐकायला हवा होता त्यांनी ऐकला. कोरायचा होता तो कोरला गेला नाही.

पाऊस सरता सरता बंगल्यानं ती पुस्तिका काढली. गुळगुळीत कागद, वर मोतीबाईंच्या मूर्तीचा फोटो. रमजानच्या दुकानी एक प्रत आली, त्यानं कौतुकानं धाऊला बोलावलं आणि वाचून दाखवायला लागला. आपलेच शब्द दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना ती पदर तोंडाशी धरून लाजली. मग रमजान अडखळला.

“काय झालं रं?”

“काय नाय बाय. संपलं.”

“संपलं कसं? खाली आजून काय तरी हाय. बोट ठेवलंस तू.”

रमजाननं वाचलं. धाऊनं तोंडावरचा पदर काढला. मग पुस्तिका त्याच्या हातातून घेतली आणि तशीच बंगल्याची वाट धरली. लडकू गाडी घेऊन बाहेर उभा होता, तो ओरडला, “आगं, मीठ घेतलंस का?” ती पार वळणावर गेली होती.

त्या दिवशी धाऊ पुढच्या दारानं शिरली.

पोर्चमध्ये कीर्तिकर आणि मोतीबाई चहा घेत होते. धाऊनं पुस्तिका मेजावर ठेवली, एकतिसावं पान उघडून. पान कोणतं ते तिनं दुकानात बोटानं मोजून ठेवलं होतं.

“सायेब, हे खोडा.”

कीर्तिकरांनी बघितलं, चष्मा सारखा केला. “अहो धाऊबाई, त्यात काय एवढं? कुठं थांबलं ते लिहावं लागतं. शास्त्र असतं ते.”

“थांबलं नाय. मी थांबवलं. आठवत नाय आसं म्या कवा म्हनले?”

“आता छापून झालंय. तीनशे प्रती. मुंबईला, पुण्याला गेल्यादेखील.” मग त्यांचा आवाज मऊ झाला, गाईला चुचकारतात तसा. “आणि खरंच आठवत असेल तर म्हणा ना आत्ता. दोनच ओळी. लिहून घेतो, पुढच्या वेळी घालू.”

बघा कसा पेच! आठवतं हे दाखवायचं तर गायला हवं. गायलं तर ज्यासाठी थांबली तेच मोडलं. आणि न गाता परत गेली तर छापलेलं खरं. धाऊ पायरीवर उभी, हाताच्या मुठी वळलेल्या. आयुष्यात पहिल्यांदा तिला वाटलं, शिवी देता आली असती तर बरं झालं असतं.

मग ती म्हणाली, “गाते. नाव सांगा.”

“कुणाचं?”

“तुमचं. बापाचं. गावाचं. मोतीबाय, तुमी हितं उभ्या ऱ्हावा, सायबाच्या डाव्या अंगाला.”

मोतीबाई खो खो हसत कप ठेवून उठल्याच. “राहते की! माझा नाव मोती, बापाचा नाव रुस्तम. कीर्तिकर, चल, तू पण सांग ना!”

कीर्तिकरही हसले. बायको गिरगावात, दोन मुलं. हसता हसता त्यांचं लक्ष धाऊच्या तोंडाकडं गेलं. ती हसत नव्हती. तिनं डोळे मिटून आवाज लावला होता, नुसता, शब्दाविना, आणि तो पोर्चच्या खांबांत घुमायला लागला. मग तो थांबला.

“सांगा सायेब.”

“हे काय भलतंच, धाऊबाई.”

“भलतं काय? गानंच हाय ना? कोनतंबी नाव घाला म्हनलं व्हतं तुमी. तुमचंच घालते.”

“नको.”

“का वं?”

कीर्तिकरांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला. “ते… बरं दिसत नाही.”

“कोंडीला बरं दिसत व्हतं?”

मोतीबाई हळूच खुर्चीत बसल्या. धाऊनं वाट बघितली. मांडवात बघायची तशीच, नाव येईपर्यंत. नाव आलं नाही.

“मग आसं लिवा,” ती शेवटी म्हणाली. “धाऊला आठवत हुतं. सायबानं नाव दिलं नाय.”

“बघू,” कीर्तिकर म्हणाले.

बघू! हा शब्द आमच्या लोकांनी इतका ऐकलाय की त्याचा अर्थ विचारायला शाळेत जावं लागत नाही.

लडकू फाटकाबाहेर गाडी घेऊन आला होता. ती चढून बसली. बैल चालायला लागले.

“खोडलं का त्यानं?”

“नाय.”

“मग गायलीस का तू?”

“नाव दिलं नाय त्यानं.”

लडकूनं थोडा विचार केला आणि त्याला हसू फुटलं. “भ्यालं म्हन की बेनं!”

धाऊ हसली नाही. पुस्तिका बंगल्यातच राहिली होती, मेजावर, पान उघडं. तिनं रस्त्याकडं बघितलं, जिथून मोटारी मुंबईला जायच्या.

“तीनशे पुस्तकं रं,” ती म्हणाली. “तीनशे घरांत मी इसरलेय.”

आणि मग, बंगला मागं पडल्यावर, तिनं आपल्याच मनाशी गाठीचा धवला पहिल्यापासून आठवायला घेतला, ओठ न हलवता, एकही ओळ सुटते का ते बघत. एकही सुटली नाही. कडावचा फाटा आला तेव्हा ती म्हणाली, “गाडी तिकडं घाल.”

“आत्ता? कडावला? कशाला?”

“कोंडीला इचारते. माझ्यामागं बसशील का म्हनून.”

“आन् नाय म्हनली तर? सासुरवाशीन हाय ती. त्यात तो येसाजी.”

“तर नाय,” धाऊ म्हणाली. “तू हाक.”